नळीच्या तोंडाशी अर्धा मिलिमीटर

जुनी दुनळी बंदूक हातात आली की ती रिकामी आहे ना हे बघावं आणि लगेच तिच्या तोंडाकडे जावं. दोन्ही नळ्या तोंडाशी एकमेकींना टेकलेल्या, निदान टेकायच्या बेतात दिसायला हव्यात. मध्ये फट असेल आणि ती डाख देऊन बुजवली असेल, तर कुणीतरी कधीतरी नळ्या कापून आखूड केल्या आहेत असं समजायला हरकत नाही. त्या कापलेल्या तुकड्यांबरोबर बहुधा चोकही गेला, कारण चोक असतो तो नळीच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांतच.

चोक म्हणजे तोंडाशी नळी किंचित आवळलेली असणं. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. (एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास, तो हा. मापाची ही तऱ्हा जुन्या लोकांनाच सुचावी!) फुल चोकमध्ये हा व्यास तोंडाशी सुमारे एक मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे सगळ्या बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने काय होतं ते 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर दिसतं. तिथे 30 इंच व्यासाच्या वर्तुळात बिनचोकच्या नळीचे जवळपास 40 टक्के छर्रे पडतात, फुल चोकचे 70 टक्के. इंग्लिश सहा नंबरच्या एक औंस छर्‍यांत सुमारे 270 दाणे असतात. त्यातले एकीकडे शंभरेक लागले आणि दुसरीकडे 190.

मग जुन्या बंदुकीचा मालक रीमर (नळी आतून खरवडून रुंद करायचं हत्यार) घेऊन चोक मोकळा करायला का निघतो? कारण जवळच्या अंतरावर हाच गुण अंगाशी येतो. 20 यार्डांवर फुल चोकचा बहुतेक सगळा मारा जेमतेम 40 सेंटिमीटरच्या गोलात जातो, बिनचोकचा त्याच्या दुप्पट पसरतो. त्यात काडतूसही बदललं. न्यूकॅसलच्या विल्यम पेप यांनी 1866 साली चोकचं पेटंट घेतलं आणि 1870च्या दशकात बंदूककार ग्रीनर यांनी तो लोकप्रिय केला, तेव्हा दारू आणि छर्रे यांच्यामध्ये नमद्याची चकती असे. शिशाचे मऊ दाणे नळीच्या भिंतीला घासून चपटे होत, आणि चपटा दाणा सरळ जात नाही, भलतीकडे भरकटतो. 1960च्या दशकापासून प्लास्टिकची वाटी आली. तिच्यात बसलेले छर्रे गोल राहतात, म्हणून एकत्रही राहतात. म्हणजे कारागिराने जेवढा आवळ धरून नळी केली होती, त्याहून ती आज जास्त आवळून मारते. धातू तोच आहे, बदललं आहे ते काडतूस.

माझं मत इथेच ठरतं: आधी काडतूस बदलून बघा. नमद्याच्या किंवा फायबरच्या वॅडचं, म्हणजे त्या जुन्या तऱ्हेच्या चकतीचं, काडतूस घेतलं की मारा थोडा मोकळा होतो. मुद्दाम छर्रे पसरवणारी काडतुसंही मिळतात. मात्र जुन्या बंदुकीत काडतुसाचं घर बहुतेकदा 65 मिलिमीटर लांबीचं असतं. त्यात 70चं काडतूस बसलं, तरी ते चालतं असा अर्थ होत नाही.

घाईने चोक कापायला निघणं ही एक चूक, दुसरी मोजमापातली. तोंडात गेज (व्यास मोजायचं साधन) घालून ‘हा हाफ चोक’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण चोक म्हणजे तोंडाचा व्यास नव्हे, नळीच्या व्यासातून तोंडाचा व्यास वजा केल्यावर उरतो तो चोक. आणि जुन्या नळ्या एकसारख्या नसत. आतून 18 मिलिमीटर असलेल्या नळीचं तोंड 17.5 असेल तर तो हाफ चोक. तेच 17.5 तोंड 18.8च्या नळीला असेल, तर फुलपेक्षाही जास्त. गेज दोन्हीकडे एकच आकडा सांगणार.

ब्रिटिश बंदुकीवरचे ठसेही वाचून घ्यावेत. 1875 ते 1887 या काळात चोक असलेल्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असा ठसा मारत. अरुंद तोंडातून अखंड गोळी मारू नका, एवढाच त्याचा अर्थ. 1887पासून ‘चोक’ हा शब्दच ठोकू लागले. ठसा आहे आणि नळी मात्र सरळसोट मोजते, तर तुमच्या आधी कुणाचा तरी हात तिथे फिरलेला आहे.

रीमिंगने बंदूक फुटेल ही भीती तितकीशी खरी नाही. तोंडाशी दाब पुष्कळ उतरलेला असतो. धोका आहे तो केंद्राचा. दोन नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा बेताने जोडलेल्या असतात. रीमर केसभर एका बाजूला गेला की एक नळी भलतीकडे मारू लागते, आणि गेलेला धातू परत येत नाही. आटे पाडून बदलता चोक बसवायचा तर तेवढी जाड भिंतच जुन्या नळीत सहसा नसते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेल्या दमास्कस नळीत तर तो विचारही नको.

पोलादी छर्रे वापरायचे म्हणून चोक काढणंही मला पटत नाही. दाणा कडक, नळी मऊ आणि पातळ. तोंड मोकळं केल्याने बाकीची नळी काही कडक होत नाही. शिसं टाळायचंच असेल, तर बिस्मथ मऊ आहे आणि घनतेत शिशाच्या पोलादापेक्षा बरंच जवळ आहे.

एवढं करूनही आवळ जास्तच वाटत असेल, तर 40 यार्डांवर मोठा कागद लावावा, प्रत्येक नळीतून निदान पाच बार काढावेत, दर बाराला नवा कागद. वर्तुळ बार झाल्यावर, दाट भागाभोवती काढायचं. मग दाणे मोजायचे. कंटाळवाणं काम आहे खरं. पुष्कळदा असं निघतं की उजवी नळी मुळातच मोकळी आहे आणि डावीच तेवढी घट्ट, म्हणजे जवळच्यासाठी पहिला घोडा ओढला की झालं. तरीही कापायचंच ठरलं, तर अनुभवी कारागिराकडून, एका वेळी मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा कागदापाशी.