ड्राइव्हवे : सुरक्षित बांधणीचे स्थानिक नियम

सार्वजनिक रस्त्यावरून घर, गॅरेज, दुकान किंवा वाहनतळापर्यंत गाडी नेणारा खासगी मार्ग म्हणजे ड्राइव्हवे. त्याचा बहुतेक भाग मालकाच्या जमिनीत असतो आणि खर्चही मालकाचाच असतो. मात्र रस्त्याच्या कडेपासून मालमत्तेच्या हद्दीपर्यंतचा पट्टा, म्हणजे गटार, कर्ब (पदपथाची रस्त्याकडची उंच कड) आणि पदपथ ओलांडणारा तुकडा, बहुधा सार्वजनिक मालकीचा असतो. नगरपालिका आणि महामार्ग विभागांच्या नियमांचा मुख्य रोख या काही मीटरांवर आहे, आणि ते रास्तच आहे. आतल्या अंगणात कोणती फरशी बसवायची हे मालकाने ठरवावे. पदपथावरून चालणाऱ्याच्या वाटेत गाडी कशी यावी, हे एकट्या मालकावर सोडता येत नाही.

हक्क आणि परवानगी

रस्त्यालगतच्या जमिनीच्या मालकाला रस्त्यावर ये-जा करण्याचा हक्क असतो, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आहे. पण ही ये-जा कोठून, किती रुंदीच्या तोंडातून आणि किती तोंडांतून व्हावी, हे ठरवण्याचा अधिकार रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे राहतो. इंग्लंड-वेल्समध्ये हा विषय १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १८४ मध्ये येतो. कर्ब उतरता करून न घेता पदपथावरून सर्रास गाडी नेणाऱ्या रहिवाशाला स्थानिक यंत्रणा नोटीस देऊ शकते, रीतसर उतार स्वतः बांधू शकते आणि त्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १९७९ मध्ये कायदा करून राज्य महामार्गांवरील प्रवेश नियंत्रणाखाली आणला आणि १९८१ मध्ये त्याची तपशीलवार संहिता लागू केली. भारतात राष्ट्रीय महामार्गांवर प्रवेश घेण्यासाठी २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्यानुसार परवानगी लागते. शहरांतील रस्त्यांवर स्थानिक संस्थांची नियमावली चालते.

परवानगीच्या अर्जासोबत साधारणपणे मोजमापांसह नकाशा मागतात. त्यावर जवळचा चौक, बसथांबा, झाडे, विजेचे खांब, चेंबरची झाकणे आणि शेजाऱ्याचा ड्राइव्हवे दाखवावा लागतो. अर्जदाराला ही कटकट वाटते. प्रत्यक्षात नामंजुरीची बरीच कारणे याच नकाशावर आधी दिसतात: तोंड चौकाच्या फार जवळ आहे, खांब आड येतो, किंवा झाडाची मुळे खोदकामात तुटणार आहेत.

दिसणे

सुरक्षित ड्राइव्हवेची पहिली कसोटी दृष्टिक्षेत्राची. बाहेर पडणाऱ्या चालकाला येणारे वाहन वेळेवर दिसले पाहिजे आणि त्या वाहनाच्या चालकालाही हा दिसला पाहिजे. किती अंतरावरून, हे रस्त्यावरील वेगावर ठरते. अमेरिकेत रूढ असलेल्या हिशोबात चालकाच्या प्रतिक्रियेसाठी २.५ सेकंद आणि ब्रेकसाठी दर सेकंदाला ३.४ मीटर प्रतिसेकंद इतकी वेगघट धरतात. त्यातून ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ६५ मीटर आणि ताशी ८० ला सुमारे १३० मीटर अंतर निघते. वेग दुप्पटही झालेला नसताना अंतर दुप्पट होते, कारण ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रिटनमध्ये वस्तीतल्या रस्त्यांसाठी २००७ पासून वापरात असलेल्या मार्गदर्शिकेत प्रतिक्रियेला १.५ सेकंदच धरले आहेत आणि ब्रेकही अधिक कडक मानला आहे, त्यामुळे ताशी ३० मैलांना (सुमारे ४८ किलोमीटर) ४३ मीटर पुरतात. दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांवर बरोबर आहेत. म्हणूनच एका देशाच्या पुस्तकातले अंतर उचलून दुसरीकडे लावू नये.

हे अंतर चालकाच्या डोळ्यापासून मोजतात आणि डोळा गाडीच्या पुढच्या टोकाला नसतो. ब्रिटिश पद्धतीत तो रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर मागे धरतात. तेथून दोन्ही बाजूंना आखलेल्या त्रिकोणात नजर अडवणारे कुंपण, झुडूप वा फलक नको. ६०० मिलिमीटरपेक्षा उंच काही ठेवू नये, अशी अट अनेक स्थानिक नियमांत दिसते. ही अट बांधकामाच्या दिवशी पाळली जाते आणि पुढे हमखास मोडते. लावताना गुडघ्याएवढे असलेले मेंदीचे कुंपण काही वर्षांत खांद्याला लागते, आणि तोवर परवान्याचा कागद कोणाच्या लक्षातही नसतो. त्यामुळे छाटणीची जबाबदारी मालकावर लिहून टाकणारे नियम अधिक शहाणपणाचे म्हणावे लागतील.

पायी चालणाऱ्यासाठी वेगळा, छोटा त्रिकोण लागतो. रस्त्यासाठी पुरेसे दिसत असले तरी भिंतीआडून पदपथावर येणारे मूल चालकाला दिसत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संयुक्त वाहनतळ मानकात वाहनतळाच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी, मालमत्तेच्या हद्दीवर, २ मीटर बाय २.५ मीटरचा त्रिकोण मोकळा ठेवायला सांगितले आहे. दोन उंच गेटखांबांमुळे हाच कोपरा बंद होतो. खांब थोडे आत घेणे किंवा वरच्या भागात जाळी ठेवणे हा स्वस्त उपाय आहे.

पदपथ कोणाचा

ड्राइव्हवे पदपथाला छेदतो तेव्हा कोणी कोणासाठी उतरायचे, हा प्रश्न येतो. जुन्या बांधणीत पदपथच खाली उतरवून गाडीच्या सोयीने वाकवत असत. परिणाम असा की चालणाऱ्याला दर घरापाशी खाली-वर करावे लागते आणि चाकाच्या खुर्चीतील माणूस रस्त्याच्या बाजूला ओढला जातो. आडवा उतार, म्हणजे चालण्याच्या दिशेला काटकोनातला उतार, जास्त असला की त्याला एका हाताने सतत चाक आवरत पुढे जावे लागते. अमेरिकेतील सुगम्यतेच्या मानकांत चालण्याच्या वाटेचा आडवा उतार १ : ४८ पेक्षा, म्हणजे जवळपास २ टक्क्यांपेक्षा, अधिक चालत नाही. ही मर्यादा पाळायची तर पदपथ आपल्या पातळीवर सरळ पुढे न्यावा लागतो आणि चढाव कर्बजवळच्या अरुंद पट्ट्यात संपवावा लागतो. गाडीला थोडा धक्का बसतो; तो बसलेला बरा, कारण त्यामुळे वळताना वेग कमी होतो. पदपथाचे काँक्रीट वा फरशी ड्राइव्हवेवरून अखंड नेली की येथे अग्रक्रम कोणाचा हे चालकाला फलकाशिवाय कळते.

रीतसर उतार न घेता कर्बपाशी विटा, लाकडी पाचर किंवा लोखंडी पत्रा टाकण्याची सवय जगभर दिसते. गटारातले पाणी त्यापाशी अडून रस्त्यावर पसरते, सायकलचे चाक पत्र्याच्या कडेला घसरते. बहुतेक यंत्रणा याला अडथळा मानतात आणि तो काढायला लावतात.

उलटी गाडी

घरगुती ड्राइव्हवेवरील सर्वांत दुःखद अपघात गाडी मागे घेताना, आणि अनेकदा त्याच घरातल्या लहान मुलाच्या बाबतीत होतात. अमेरिकेत मे २०१८ पासून बनणाऱ्या नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तो याच कारणाने. बांधणीच्या बाजूने उपाय दोन: खेळायची जागा आणि गाडीची वाट यांच्यामध्ये कुंपण, आणि गाडी आतच वळवण्याइतकी जागा. वर्दळीच्या रस्त्यावर अनेक यंत्रणा अशी वळणजागा नसल्यास परवाना देतच नाहीत. ब्रिटनच्या हायवे कोडमधला २०१ वा नियमही शक्य असेल तर ड्राइव्हवेत उलटे शिरून सरळ बाहेर पडायला सांगतो.

फाटक आत उघडणारे असावे. इंग्लंडमध्ये रस्त्यावर उघडणाऱ्या दाराला आणि फाटकाला कायद्यानेच मनाई आहे. फाटक हद्दीपासून निदान एका गाडीएवढे आत ठेवावे. नाहीतर ते उघडेपर्यंत गाडी पदपथ अडवून उभी राहते.

उतार आणि पाणी

तीव्र चढावाचा ड्राइव्हवे दोन ठिकाणी त्रास देतो. वरच्या टोकाला बॉनेट आभाळाकडे असताना चालकाला समोरचा पदपथ दिसत नाही. उतार एकदम बदलतो तेथे गाडीचे पोट किंवा बंपर घासतो. जुन्या ड्राइव्हवेच्या तळाशी काँक्रीटवर उमटलेले समांतर ओरखडे हाच हिशोब चुकल्याची खूण. वर उल्लेखिलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मानकात घरगुती ड्राइव्हवेचा कमाल उतार १ : ४ आहे. शिवाय उंचवट्यापाशी उतारातला फरक १२.५ टक्क्यांहून किंवा खळग्यापाशी १५ टक्क्यांहून जास्त असेल, तर मध्ये सौम्य उताराचा टप्पा टाकावा लागतो. १ : ४ एवढा चढ रोज वापरायला त्रासाचाच. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

घरगुती ड्राइव्हवेला साधारण १०० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट चालते. पदपथाचा तुकडा आणि व्यापारी प्रवेश यांना १५० मिलिमीटर किंवा अधिक जाडी मागतात, कारण कचऱ्याची वा मालाची गाडी कधी ना कधी त्यावरून जातेच. खडीचा ड्राइव्हवे असल्यास रस्त्यालगतचा भाग तरी पक्का करायला लावतात. चाकांबरोबर बाहेर आलेली खडी दुचाकीला घातक ठरते. रस्त्याकडेला उघडी चारी असेल तर ड्राइव्हवेखाली पुरेशा व्यासाची मोरी टाकावी लागते आणि ती साफ ठेवण्याचे काम बहुधा मालकाचे असते. मालमत्तेतले पाणी रस्त्यावर सोडू नये, हा नियम जवळपास सर्वत्र आहे. इंग्लंडने १ ऑक्टोबर २००८ पासून त्यापुढे जाऊन घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या थराने झाकायची तर नियोजन परवानगी आवश्यक केली. पाणी मुरणारा थर किंवा आपल्याच जमिनीत पाणी जिरवण्याची सोय असेल तर ती लागत नाही.

व्यापारी प्रवेश

दुकान, पेट्रोलपंप किंवा दवाखान्याच्या ड्राइव्हवेला घरगुती मापे लावून चालत नाही. फरक गाड्यांच्या संख्येचा आहे. सर्व दिशांना वळता येणारे तोंड म्हणजे एक तिठाच, आणि तिठ्यावर वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याच्या, मिळण्याच्या वा फुटण्याच्या ९ जागा मोजल्या जातात. दुभाजक घालून जवळच्या बाजूनेच आत आणि बाहेर जाऊ दिले की त्या २ उरतात. म्हणून गजबजलेल्या रस्त्यावर यंत्रणा दुभाजक, तोंडांमधले किमान अंतर आणि दोन शेजाऱ्यांत मिळून एकच तोंड यांचा आग्रह धरतात. व्यापाऱ्यांचा याला विरोध ठरलेला असतो. गिऱ्हाईक वळून येणार नाही, ही भीती त्यामागे असते.

तोंडापासून पहिल्या पार्किंगपर्यंतची मोकळी लांबी कमी पडणे ही व्यापारी आराखड्यांतली नेहमीची चूक. प्रवेशालगतच्याच जागेतून एखादी गाडी मागे निघू लागली की आत येणारी दुसरी थांबते, तिच्यामागची पदपथावर अडकते आणि तिसरी रस्त्यावर. गाडीतच बसलेल्या गिऱ्हाइकाला खिडकीतून माल देणाऱ्या दुकानांत ही रांग गर्दीच्या वेळी रोज लागते. तिचा अंदाज अर्जासोबत मागितला जातो.

अग्निशमनाची गरज दोन्ही प्रकारांना लागू आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार बंबाच्या वाटेला २० फूट (सुमारे ६.१ मीटर) रुंदी आणि १३ फूट ६ इंच (सुमारे ४.१ मीटर) उंची मोकळी लागते, आणि १५० फुटांपेक्षा लांब बंद वाटेच्या शेवटी वळणजागा लागते. इंग्लंडची मार्गदर्शिका बंबाला २० मीटरपेक्षा जास्त मागे यायला लावू नका, असे सांगते. शोभेची कमान या उंचीत बसत नसेल तर ती नाकारली जाते.

वापर बदलल्यावर

परवाना विशिष्ट वापरासाठी असतो. घराचे रुग्णालय किंवा शिकवणीवर्ग झाले, तर तोच ड्राइव्हवे नव्या वर्दळीसाठी पुन्हा तपासून घ्यावा लागतो. कोलोरॅडोसारख्या ठिकाणी वाहतूक ठरावीक प्रमाणाबाहेर वाढली की नवा परवाना लागतो. जागेची दोन घरांत वाटणी झाली तर दुसऱ्याला वेगळे तोंड मिळेलच असे नाही, तेव्हा सामायिक वाटेचा हक्क खरेदीखतातच लिहून घ्यावा. वापरात नसलेले तोंड बंद करून कर्ब आणि पदपथ पूर्ववत करण्याची अट नव्या परवान्यात घालता येते, आणि ते काम मालकाच्या खर्चाने होते.