कोकणची लोकसभेची जागा कुठल्याही परराज्यात गेली नाही

2008 च्या लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेत कोकणची एक जागा कमी करून ती उत्तरेतल्या राज्यांना दिली असं अजूनही कोणी ना कोणी ठासून सांगतं, आणि ते साफ चुकीचंय. महाराष्ट्राच्या जागा 1977 पासून 48 च आहेत, 2008 आधीही आणि नंतरही! कारण कुठल्या राज्याला किती खासदार हा आकडा 1976 च्या घटनादुरुस्तीने 1971 च्या जनगणनेवर गोठवलाय, पुढे 2001 मध्ये ती मुदत वाढवून 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. 2008 ला बदलल्या त्या फक्त राज्याच्या आतल्या हद्दी, 2001 च्या लोकसंख्येप्रमाणे.

मग कोकणात झालं काय? आधी राजापूर, रत्नागिरी, कुलाबा (मुंबईतला नव्हे, रायगडचं जुनं नाव) असे तीन मतदारसंघ होते, 2009 च्या निवडणुकीला उरले रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड. पनवेल, उरण, कर्जत तर थेट घाट चढून पिंपरी-चिंचवडसोबत मावळमध्ये गेले. त्याच वेळी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू आणि ठाणे या दोनाचे पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार झाले, म्हणजे माणसं जिकडे गेली तिकडे जागा गेली, बाकी काही नाही.

माझं मत विचाराल तर खरी अडचण इथेच आहे, सावंतवाडी-दोडामार्गपासून पार चिपळूणपर्यंत एकच खासदार, आणि आंबा-काजूवाल्याचे, मच्छीमाराचे, धरणग्रस्ताचे सगळे प्रश्न त्याच एकाने दिल्लीत मांडायचे. भांडायचंच असेल तर यावर भांडा ना.