ग्लो इंजिनमधलं इंधन नियमन आणि बिघाड शोधणं

मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनात हवा आणि इंधन किती प्रमाणात मिसळायचं हे कार्बुरेटरवरच्या नीडलने (इंधनाची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईसारख्या स्क्रूने) ठरतं, आणि हे प्रमाण बिघडलं की इंजिन चालू न होणं, हवेत मधेच बंद पडणं, थ्रॉटल दिला की गचके खाणं असले प्रकार सुरू होतात. बिघाड शोधायचं काम तसं सोपं आहे, पण बहुतेक जण पहिला हात नीडललाच घालतात आणि तिथेच घोळ होतो, कारण काल संध्याकाळी बरोबर चाललेली नीडल रात्रीतून आपोआप फिरत नसते. आधी टाकी, मग ट्यूब, मग प्लग आणि शेवटी नीडल, असा क्रम ठेवला तर निम्मी डोकेदुखी जाते.

ह्या इंजिनांत मिथेनॉल, तेल (एरंडेल किंवा सिंथेटिक, बऱ्याचदा दोन्ही मिसळून, १८ ते २० टक्के) आणि थोडं नायट्रोमिथेन असं इंधन असतं. स्पार्क नसतो. प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची रासायनिक क्रिया होऊन ती लाल राहते, त्यामुळे चालू करताना १.५ व्होल्ट दिले की पुढे बॅटरी काढून टाकता येते. हा प्लग अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास बाजारात आणला. मिथेनॉलला पेट्रोलपेक्षा हवा खूप कमी लागते, वजनाने साधारण ६.४ ला १, पेट्रोलला १४.७ ला १. म्हणजे इंधन भरपूर जातं आणि जाताना इंजिन थंडही करतं. इंधन जास्त झालं तर रिच आणि कमी झालं तर लीन असं सगळे म्हणतात. रिचमध्ये धूर जास्त, आवाज गुरगुरल्यासारखा आणि ताकद कमी, पण इंजिन सहसा वाचतं. लीनमध्ये आवाज तीक्ष्ण होतो, धूर नाहीसा होतो आणि तेलही कमी मिळत असल्याने पिस्टन-लायनर (पिस्टन आणि त्याभोवतीची नळी) खराब होतो, म्हणून शंका असली तर रिचच्या बाजूला राहावं.

मोठी नीडल फुल थ्रॉटलसाठी, लहान आयडलसाठी, म्हणजे थ्रॉटल खाली असताना इंजिन संथ चालतं तेव्हासाठी. घड्याळाच्या दिशेने आत फिरवली की लीन, बाहेर काढली की रिच. फुल थ्रॉटलवर हळूहळू आत घेत सगळ्यात जास्त आरपीएम (मिनिटाचे फेरे) गाठायचे आणि मग दोन-तीन क्लिक परत बाहेर. मग कुणालातरी विमान घट्ट धरायला सांगून नाक आकाशाकडे करायचं. आरपीएम किंचित चढले किंवा तसेच राहिले तर ठीक, खाली आले तर अजून रिच करायचं. ट्यूब चिमटीत धरायची परीक्षाही चांगली: क्षणभर दाबली आणि आवाज वाढला तर रिच होतं, लगेच बसला तर लीन. आयडलला हीच ट्यूब दाबली तर इंजिन दोनेक सेकंद चालून, थोडं चढून मग बंद पडावं. लगेच मेलं तर खालचं (आयडलचं) मिश्रण लीन, खूप चढत बसलं तर रिच. थ्रॉटल एकदम दिल्यावर धूर ओकत सावकाश उठणारं इंजिन खाली रिच असतं, काही न बोलता टप्पकन बंद पडणारं लीन. काही साध्या कार्बुरेटरमध्ये आयडलला नीडल नसून हवेचं भोक कमी-जास्त करणारा एअर ब्लीड स्क्रू असतो, तो उलट चालतो: आत घेतला की हवा कमी, म्हणजे रिच. हे माहीत नसलेला माणूस अर्धा दिवस चुकीच्या दिशेने फिरवत बसतो.

आता नीडलच्या आधीचं. टाकीचा मध्य कार्बुरेटरच्या स्प्रेबारच्या (इंधन हवेत सोडणाऱ्या नळीच्या) रेषेत किंवा एखाद सेंटिमीटर खाली असावा, नाहीतर टाकी रिकामी होत जाईल तसं मिश्रण बदलत जातं. सायलेन्सरमधून टाकीला दाब देणारी ट्यूब निघाली तर इंजिन लीन होतं. टाकीत इंधन ओढणाऱ्या लवचिक ट्यूबच्या टोकाला हलणारा वजनदार क्लंक असतो, विमान नाकावर आपटलं की तो पुढे जाऊन अडकतो, आणि मग जमिनीवर मस्त चालणारं इंजिन नाक वर केलं की हवा ओढून बंद पडतं. क्लंकच्या ह्या ट्यूबला सुईएवढं भोक पडलं तरी लक्षण तेच, फक्त टाकी अर्धी झाल्यावर दिसतं. बाहेरच्या पारदर्शक ट्यूबमध्ये बुडबुडे दिसले तर टाकी काढून बादलीत बुडवायची, एक नळी बंद करून दुसरीतून फुंकायचं, गळती लगेच कळते. टाकीला स्पंज गुंडाळलेला नसेल तर कंपनाने इंधनाचा फेस होतो, त्याला नीडल काही करू शकत नाही. थ्रॉटल बंद केल्यावर आरपीएम लगेच न उतरता लटकत राहिले तर कार्बुरेटरच्या बुडाची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) किंवा मागच्या प्लेटचं गॅस्केट बघावं. आणि प्लगवरची बॅटरीची क्लिप काढली की आरपीएम पडत असतील तर प्लग गेलाय किंवा आयडल रिच आहे. प्लग बदलणं सोपं, आधी तेच करावं.

मराठवाड्यात हवामानाचा फरक ठळक जाणवतो. परभणीत डिसेंबरच्या पहाटे ८ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश धरले तर हवेची घनता साधारण ११ टक्के कमी होते, म्हणजे थंडीत बसवलेली नीडल उन्हाळ्यात रिच पडते आणि उन्हाळ्यातली थंडीत लीन. मुंबईत समुद्रसपाटीवर बसवून आणलेलं इंजिन ५७० मीटरच्या आसपास असलेल्या छत्रपती संभाजीनगरात तसंच थोडं रिच वाटतं. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ, ती इंधन भरताना नळीच्या तोंडाला लागून आत जाते आणि नीडलजवळ बसते. भरायच्या बाटलीला फिल्टर असलाच पाहिजे आणि ट्यूबचं तोंड जमिनीला लागू द्यायचं नाही. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली वेगळाच ताप देते, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि इंजिन आयडलला टिकत नाही.

नीडल नेहमी पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागून फिरवायची, पंख्यावरून हात घालायचा नाही. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसतच नाही, आणि ते विषारी असल्याने पिण्याच्या बाटलीत ठेवणं हा शुद्ध वेडेपणा.

पेट्रोल इंजिनांचं गणित वेगळं. त्यात पंप कार्बुरेटरमध्येच असतो आणि तो क्रँककेसच्या दाबावर हलणाऱ्या पातळ पडद्यावर चालतो, इंजिन बरेच महिने कोरडं पडून राहिलं की हा पडदा कडक होतो आणि एच व एल (फुल थ्रॉटल आणि आयडलचे) स्क्रू कितीही फिरवले तरी थ्रॉटल घेत नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने तेही पाणी ओढतं. आणि ग्लोवरची सिलिकॉन ट्यूब पेट्रोलला लावायची नाही, ती फुगून मऊ होते, टायगॉनची (पेट्रोल सहन करणाऱ्या प्लास्टिकची) पिवळी ट्यूब लागते.