डोळे गरगरतायत? आधी कोणतं औषध दिलंय ते सांगा

कुत्र्याचे किंवा मांजराचे डोळे हळूच एका बाजूला सरकतात, झटक्यात परत येतात आणि हेच चालू राहतं. फिट आली असं समजून मंडळी घाबरून आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात येतात. पण दर वेळी ती फिट नसते.

प्राण्याने डोकं वळवलं की डोळे आपोआप उलट दिशेला वळतात, म्हणून पळतानाही त्याची नजर स्थिर राहते. डोकं किती फिरलं ही खबर आतल्या कानातल्या तीन नलिका मेंदूला देतात. ग्लुटामेट हे रसायन ती खबर पुढे पोचवतं, तर गाबा आणि ग्लायसिन तिला आवर घालतात. लहान मेंदूचा धाक चालतो तो मुख्यतः गाबाच्या जोरावर. हा तोल सुटला की डोकं जागेवर असूनही डोळे फिरू लागतात.

तो सुटण्याचं एक कारण घरच्या औषधांच्या डब्यात असतं: जुलाबावरची मेट्रोनिडाझोल. ४०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या १० किलोच्या कुत्र्याला दिल्या, तर दिवसाला किलोमागे ८० मिलिग्रॅम होतात. ६० च्या वर विषबाधेचा धोका बराच वाढतो, आणि औषध बरेच दिवस चाललं तर कमी मात्रेनेही त्रास झालेला आहे. कुत्रं झोकांड्या खातं, डोळे बऱ्याचदा वर-खाली उडतात. हे औषध गाबाच्या कामात ढवळाढवळ करतं असं मानलं जातं. गाबाला बळ देणारं डायझेपाम इथे उपयोगी पडतं, ते त्यामुळेच असावं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या २१ कुत्र्यांच्या पाहणीत डायझेपाम मिळालेली कुत्री साधारण दीड दिवसात सावरली, बाकीच्यांना ११ दिवसांच्या आसपास लागले. तरीही डायझेपाम घरी देऊ नका. मात्रा आम्हीच ठरवू.

शस्त्रक्रियेनंतर मांजर टक्क उघड्या डोळ्यांनी पडलेलं दिसलं, तर ते बहुधा केटामाइन या भुलीच्या औषधामुळे. त्यात पापण्या मिटत नाहीत, डोळे थोडे हलतातही. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून आम्ही डोळ्यात मलम घालतो. वायूची भूल असेल तर उलट होतं: भूल नीट चढली की डोळा खाली आणि नाकाकडे वळतो. भूल फार गडद झाली की तो पुन्हा मधोमध येतो, म्हणून टेबलावर आमची नजर त्याच्यावर असते.

जेंटामायसिनसारखे कानातले थेंब मनाने घालू नका. पडदा फाटलेला असेल तर आतल्या कानाच्या पेशी कायमच्या मरू शकतात. म्हाताऱ्या कुत्र्यात मात्र औषधाशिवायही अचानक डोळे फिरतात, मान कलते. असा झटका बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो, पण तपासणी टाळू नका.

येताना मोबाइलवर डोळ्यांचा छोटा व्हिडिओ काढून आणा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत लक्षण कधीकधी थांबतं. गोळ्यांची रिकामी पट्टीही आणा. शेजाऱ्यांनी सुचवलेलं औषध असलं तरी लाजू नका.