वळचणीची कपबशी

मंडणगडकडच्या आमच्या घरात पडवीच्या वळचणीला एक कान तुटलेली कपबशी उपडी ठेवलेली असायची. खालच्या बौद्धवाडीतून कोणी कामाला आलं की आजी त्यातच चहा ओतायची, धार उंच धरून. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. महाड तिथून फार लांब नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्याला तेव्हा साठ वर्षं होत आली होती.

पुढे मुंबईत नोकरी लागली. ऑफिसात कोणाच्याही डब्यात हात घालायचो. वाटलं, सुटलं एकदाचं. मग एका मे महिन्यात गावी गेलो, पडवीत माणूस येऊन टेकला, आणि चहा ओतायला माझा हात आपसूक वळचणीकडे गेला.

सवय अशी परत येते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपासून ठाऊक आहे. खाऊच्या आधी दर वेळी एक खूण दिली की पुढे नुसत्या खुणेलाही कुत्र्याला लाळ सुटते. मग खाऊ न देता नुसती खूण देत राहिलं की कुत्र्याची लाळ थांबते. थोडा वेळ मध्ये जाऊ दिला की त्याच खुणेला पुन्हा सुटते. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्यावर नवं बसतं. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी उंदरांत आणखी एक गोष्ट दाखवली. एका पिंजऱ्यात लागलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात घालवली, तरी पहिल्यात परत सोडलं की ती उभी राहते. नवं शिकणं जागेला चिकटलेलं असतं. माझं मुंबईला चिकटलं होतं. उंदराची भीती आणि माणसाची जात एक नव्हे, कबूल. पण मला पडवी बघितली की तो पिंजरा आठवतो.

म्हणजे शिकायचं ते पडवीतच, आणि माणसांबरोबर. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच बजावलं होतं की पूर्वग्रह जायला नुसती गाठभेट पुरत नाही. बरोबरीचं नातं हवं, काम एकत्र हवं. अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत चक्क क्रिकेट स्पर्धा भरवून हे तपासलं (निष्कर्ष 2021 चे). मिश्र जातींच्या संघात खेळलेल्यांची इतर जातींत मैत्री वाढली. समोरच्या संघात परजातीचे खेळाडू आले, तिथे मात्र जाणं-येणं उलट आक्रसलं.

आमच्याकडे मे महिन्यात अंडरआर्मचे सामने होतात. संघ अजून वाडीवारच उतरतात. चहा सगळ्यांना कागदी कपात.