बाणाचा लाकडी पुढचा दांडा केवळ वजनासाठी नसतो

बांबूच्या बाणाला पुढे जोडलेला कठीण लाकडाचा दांडा केवळ वजन वाढवण्यासाठी असतो, हा समज अर्धाच खरा आहे. त्या वजनामुळे बाणाचा तोल पुढे सरकतो आणि उड्डाण स्थिर होते, हे मान्य. परंतु बांबू पोकळ असून त्याचे तंतू लांबीच्या दिशेने जात असल्याने आघाताच्या वेळी त्याचे तोंड उभे चिरू शकते, आणि तो आघात झेलण्याचे काम भरीव लाकूड करते. मात्र दांडा नुसताच खुपसला, तर तोच पाचरीप्रमाणे बांबू फोडतो. म्हणून त्याचे मागचे टोक पोकळीच्या मापाने तासून बसवतात आणि सांध्यावर सरस लावून दोरा किंवा तात घट्ट गुंडाळतात. कारागिराची खरी परीक्षा, माझ्या मते, इथेच होते. दांडा मोडल्यास पुष्कळदा तेवढाच बदलता येतो.