३६३ हर्ट्झचा घोळ: एक्स-रे जोडताऱ्यांच्या थरथरीमागची पार्श्वभूमी

एक्स-रे जोडतारा म्हणजे एक साधा तारा आणि त्याचा वायू ओढून घेणारा न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर. त्यांच्यातून येणारे एक्स-रे काही सेकंदांत, कधी सेकंदाच्या आतही कमीजास्त होतात हे उहुरू या एक्स-रे उपग्रहापासून, म्हणजे १९७१ पासून माहीत आहे. सेंटॉरस एक्स-३ चे ४.८ सेकंदांचे ठोके आणि सिग्नस एक्स-१ ची बेताल लुकलुक, दोन्ही तेव्हाचंच. ठोक्यांचं उत्तर (फिरणारा न्यूट्रॉन तारा) लगेच मिळालं, लुकलुक मात्र बराच काळ नॉइज म्हणूनच मोजली गेली.

खरी गंमत १९८५ पासून. एक्सोसॅट या युरोपीय उपग्रहाची कक्षा इतकी लांबुळकी होती की एक फेरी जवळपास चार दिवसांची, त्यामुळे एकाच ताऱ्याकडे तासन्‌तास सलग बघता यायचं. जीएक्स ५-१ या जोडताऱ्यात शोधत होते मिलिसेकंद पल्सार (सेकंदाला शेकडो फेऱ्या घेणारा न्यूट्रॉन तारा), तो काही मिळाला नाही, पण पॉवर स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती चढउतार याचा आलेख) बारीक रेघेऐवजी एक पसरट फुगवटा दिसला, २० ते ४० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा) मध्ये सरकणारा, तारा उजळला की फ्रिक्वेन्सी वर. हाच क्यूपीओ, म्हणजे क्वासी-पिरिऑडिक ऑसिलेशन, जवळपास नियमित आंदोलन. त्याच वर्षी बीट मॉडेल आलं. दोन तंबोरे किंचित वेगळ्या सुरात लागले की मधेच जी संथ आंदोलनं ऐकू येतात तसंच काहीतरी, एक सूर न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीच्या तबकडीतल्या आतल्या वायूच्या फेऱ्यांचा आणि दुसरा ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्याचा (स्पिनचा), आणि दिसतो तो दोन्हींतला फरक.

मग डिसेंबर १९९५ मध्ये नासाचा रॉसी उपग्रह गेला आणि दोनेक महिन्यांत चित्रच पालटलं. स्कॉर्पियस एक्स-१ आणि ४यू १७२८-३४ मध्ये शेकडो हर्ट्झचे क्यूपीओ सापडले, तेही जोडीने, म्हणजे एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सींचे. १२०० हर्ट्झच्या आसपासचा फुगवटा म्हणजे साधारण १५ किलोमीटर त्रिज्येच्या कक्षेत सेकंदाला १२०० फेऱ्या, न्यूट्रॉन ताऱ्याला जवळजवळ चिकटूनच. ४यू १७२८ मध्ये जोडीतल्या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर भरलं ३६३ हर्ट्झ, आणि त्याच ताऱ्याच्या पृष्ठभागावर साचलेल्या वायूचा अणुस्फोट होताना दिसणारी आंदोलनंही ३६३ ची! झालं, बीट मॉडेलवाले खूश, ३६३ म्हणजे ताऱ्याचा स्पिन, हिशोब मिटला.

मिटला कुठला. स्कॉर्पियसमध्ये तेच अंतर ३१० वरून २३० पर्यंत घसरताना दिसलं, आणि स्पिन काही तासाभरात बदलत नाही. ४यू १६३६ मध्ये स्फोटातली आंदोलनं ५८१ ची आणि अंतर अडीचशेच्या आसपास, मग कोणी म्हणालं खरा स्पिन निम्मा असेल, कोणी म्हणालं अंतरच निम्मं पडतंय. माझ्या मते मॉडेल तिथेच सोडायला हवं होतं, पण ३६३ चा मोह सुटेना. शेवटी सॅक्स जे१८०८ या जोडताऱ्याने घोळ फोडला. त्याचे ठोके १९९८ मध्येच सापडले होते, स्पिन ४०१ हे पक्कं, स्फोटातली आंदोलनंही ४०१ ची, आणि २००२ च्या उद्रेकात जोडीतलं अंतर मात्र सुमारे १९५ निघालं. म्हणजे आंदोलनं हाच स्पिन, आणि इथे अंतर त्याच्या निम्मं. साधं बीट मॉडेल गेलं, मग त्याला अनुनादाची ठिगळं लागली. २००७ मध्ये तर सगळे आकडे एकत्र मांडून अंतराचा स्पिनशी संबंधच नसेल असंही कोणीतरी लिहिलं. असेलही.

कृष्णविवरांचं प्रकरण वेगळं. १९९२ मध्ये सापडलेला जीआरएस १९१५+१०५ एकटाच बारा तऱ्हांनी बदलतो अशी वर्गवारी २००० मध्ये झाली. त्याचे नियमित झटके आपल्याकडच्या आयआरएस-पी३ उपग्रहावरच्या यंत्रानेही टिपले होते, १९९६ चं प्रक्षेपण, मुंबईत बनलेले डिटेक्टर. याची आठवण कमी लोक काढतात.

रॉसी २०१२ च्या जानेवारीत बंद झाला आणि एवढ्या मोठ्या क्षेत्रफळाचं, एवढं वेगवान यंत्र काही वर्षं आकाशात नव्हतं. सप्टेंबर २०१५ मध्ये भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह गेला, त्यावरचा लॅक्सपीसी हा एक्स-रे डिटेक्टर मुंबईत कुलाब्यात तयार झालेला, दहा मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ मोजणारा. त्याने ४यू १७२८ कडे बघितलं तेव्हा तासाभराच्या आत ८१५ वरून ८५० हर्ट्झपर्यंत सरकलेला क्यूपीओ दिसला, आणि त्याच डेटात एका स्फोटात तेच ते ३६३.